तलाठ्याचे दप्तर आणि आमचे नाव

शासनाचा कारभार खुला असावा, असे आता सगळेच म्हणतात. मंत्री म्हणतात, अधिकारी म्हणतात, वर्तमानपत्रांचे अग्रलेखही म्हणतात. 'पारदर्शकता' हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की, तो कोणाच्या हाती काय देतो आणि कोणाच्या हातून काय काढून घेतो, हे कोणी विचारीतच नाही. मला हा प्रश्न गावकुसाबाहेरून विचारायचा आहे. खुल्या कारभाराचा फायदा सर्व नागरिकांना सारखाच होतो, असे मला वाटत नाही. ज्याचा भाऊ कचेरीत आहे, ज्याचा मामा सभापती आहे, त्याला शासनाचे दप्तर कायदा होण्यापूर्वीही उघडेच होते. ते बंद होते आपल्याला. म्हणून ते उघडण्याचा अर्थही आपल्यालाच अधिक नीट समजला पाहिजे.

मुंबई इलाख्यातील वतनदार महार गावचा वसूल घेऊन तालुक्याला जाई, सरकारी टपाल पोचवी, साहेब आला की त्याच्या पुढे धावे. गावाची शीव त्याला पाठ होती. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याच्या साक्षीला मोल असे. म्हणजे जमिनीचे ज्ञान त्याच्याजवळ होते. त्या ज्ञानाचा कागद मात्र दुसऱ्याने लिहिला आणि तो दुसऱ्याच्याच दप्तरात राहिला. ज्या कागदाचे ओझे त्याने पिढ्यानपिढ्या वाहिले, तो कागद त्याला कधी वाचता आला नाही. वाचता येऊ नये अशीच तर धर्माची व्यवस्था होती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. महाराने नेमके कोणते काम करायचे, त्याचा मोबदला किती आणि तो कोणी द्यायचा, हे ठरलेले असावे, ही त्यामागची एक महत्त्वाची मागणी होती. माझ्या मते खुल्या कारभाराचा पहिला धडा यातच आहे. जिथे काही ठरलेले नसते आणि ठरलेले असले तरी सांगितले जात नाही, तिथे वेठबिगार जन्माला येते.

इंग्रज सरकारने १९२३ साली शासकीय गुपिते कायदा केला. स्वातंत्र्य आले, संविधान आले, पण कचेरीची सवय गेली नाही. लोकांना सांगणे हा अपवाद आणि दडवणे हा नियम, असेच चालू राहिले. १९७५ साली राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक सेवकांनी केलेली प्रत्येक सार्वजनिक कृती जाणून घेण्याचा लोकांना अधिकार आहे. परंतु न्यायालयाचे वचन आणि चावडीवरचा व्यवहार यांच्यात फार मोठे अंतर असते. ते अंतर कमी करण्याचे श्रेय मी राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या मजुरांना देतो. मजदूर किसान शक्ती संघटना १९९० साली स्थापन झाली. सरकारी कामावर राबूनही पूर्ण मजुरी का मिळत नाही, हा तिथल्या मजुरांचा साधा प्रश्न होता. उत्तर हजेरीपत्रकात होते आणि हजेरीपत्रक 'गुप्त' होते. १९९४ च्या डिसेंबरात कोट किराणा या गावी पहिली जनसुनवाई झाली. कागदावरची नावे आणि खर्च भर सभेत मोठ्याने वाचून दाखविला गेला आणि ज्यांची ती नावे होती तीच माणसे साक्षीला उभी राहिली. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. पुढे राज्याराज्यांत कायदे झाले. महाराष्ट्रात २००२ पासून माहितीचा अधिकार आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. या कायद्याचा उगम विद्वानांच्या परिसंवादात झाला नाही, मजुरीच्या हिशेबात झाला, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. आपल्याकडेही १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या खडीवर आपल्या आयाबहिणींनी ज्या मस्टरवर अंगठे उठविले, त्या मस्टरवर काय लिहिले होते, हे त्यांना कोणी वाचून दाखविले होते?

आता मी माझ्या गावची हकीकत सांगतो. ती सांगायची ती माझी म्हणून नव्हे. मराठवाड्यातल्या शेकडो वस्त्यांची हकीकत थोड्याफार फरकाने हीच आहे.

आमच्या गावी गायरान आहे. खडकाळ माळ, तरवड आणि कुसळे. १९८१-८२ च्या सुमारास आमच्या वस्तीतल्या अकरा घरांनी तो माळ फोडला. दगड वेचून बांध घातले आणि ज्वारी, तूर पेरू लागले. त्यांत माझा बाही होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांच्या गोष्टी त्याने ऐकलेल्या होत्या. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी त्याला पाठ होती. दरवर्षी तलाठी यायचा, 'अतिक्रमण' म्हणून दंड करायचा आणि पावती फाडायचा. बाला वाटायचे, ही आपल्या गुन्ह्याची पावती. पत्र्याच्या डब्यात काही दिवस राहायची, पावसाळ्यात भिजायची आणि फेकली जायची.

इथे थोडे थांबून शासनाच्या नोंदींची रचना समजून घेतली पाहिजे. तलाठ्याच्या दप्तरात गावाचे निरनिराळे नमुने असतात. सातबारा आपल्याला ठाऊक असतो. नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा पिकांचा. नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. आणि गाव नमुना १-ई म्हणजे सरकारी जमिनीवरील अतिक्रमणांची नोंदवही. कोणी, कोणत्या गटात, किती क्षेत्रावर अतिक्रमण केले आणि त्याचे काय झाले, ते तिच्यात लिहायचे असते. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला : १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करावीत. १४ एप्रिल १९९० हा बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षातला दिवस. तारीख मुद्दाम निवडलेली होती. या निर्णयाने एका फटक्यात १-ई चा अर्थ उलटा झाला. जी नोंद कालपर्यंत गुन्ह्याची होती, ती आज हक्काची झाली. दंडाची पावती ही मालकीची पहिली पायरी ठरली.

पण हे सांगणार कोण? निर्णय मुंबईत झाला. आमच्या वस्तीत तो पोचला तेव्हा १९९४ साल उजाडले होते आणि तोही एका चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या पिशवीतून. अकरा घरांनी अर्ज केले. कचेरीतून उत्तर आले : अतिक्रमण त्या मुदतीतले असल्याचा पुरावा जोडा. पुरावा कुठून जोडायचा? पावत्या तर केव्हाच मातीत गेल्या होत्या. पुरावा होता तो १-ई च्या वहीत, म्हणजे विचारणाऱ्याच्याच कपाटात. स्वतःच्या कपाटातला कागद शासन आमच्याकडे मागत होते आणि आम्ही तो पाहायला मागितला तर 'सरकारी दप्तर आहे, दाखविता येत नाही' असे सांगत होते. हे बारा-तेरा वर्षे चालले. बा त्यातच गेला.

मी शिक्षक. २००७ साली मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला : आमच्या गावच्या गाव नमुना १-ई च्या, १९७८ ते १९९० या काळातल्या सर्व पानांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. कशासाठी हव्यात, ते लिहिले नाही. कायद्याच्या कलम ६(२) नुसार अर्जदाराने कारण सांगण्याची गरज नसते, ही या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ. आयुष्यभर आपल्याला विचारले गेले आहे : तुला कशाला पाहिजे? या ओळीने तो प्रश्नच बेकायदा ठरविला. तीस दिवस संपता संपता उत्तर आले : सदर अभिलेख आढळून येत नाही. मी प्रथम अपील केले आणि प्रतींबरोबर अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी, अशीही विनंती केली. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी पाहणीचा आदेश दिला.

त्या दिवशी मी एकटा गेलो नाही. वस्तीतली सात-आठ माणसे बरोबर होती. त्यांत माझी एक म्हातारी चुलती होती. अभिलेख कक्षातल्या रुमालांची धूळ झटकता झटकता दुपारी वही सापडली. 'आढळून येत नाही' असे लेखी कळविलेली वही! मी एकेक नाव मोठ्याने वाचू लागलो. नावापुढे गट नंबर, क्षेत्र, दंड. अकरांपैकी नऊ नावे निघाली. बाचे नाव निघाले. चुलत्याचे नाव निघाले तेव्हा चुलती म्हणाली, "मंजी आपण खोटं नव्हतो व्हय रं, बाळा?"

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. शासनाची वही उघडली म्हणजे माणसाला काय मिळते, हे मी पुष्कळ पुस्तकांत वाचले आहे. भ्रष्टाचार कमी होतो, कार्यक्षमता वाढते, लोकशाही बळकट होते, असे त्यांत लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. पण चुलतीच्या लेखी पहिला फायदा वेगळाच होता. पंधरा वर्षे तिला खोटी ठरविले गेले होते. तिच्या तोंडच्या शब्दाला किंमत नव्हती, कारण तो तिच्या तोंडचा होता. त्या दिवशी शासनाच्याच शाईने तिचा शब्द खरा ठरला. आपल्या समाजरचनेत कोणाची साक्ष ग्राह्य आणि कोणाची अग्राह्य, हे जातीवरून ठरत आले आहे. उघडलेले दप्तर या ठरलेपणाला छेद देते, म्हणून त्याची किंमत.

पुढे काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नऊ घरांचे प्रस्ताव हलले. त्यांतल्या पाच जणांची नावे सातबाऱ्यावर लागली. चौघांचे अजून कागदातच आहे. ज्या दोघांची नावे निघाली नाहीत, त्यांच्या जमिनीचा प्रश्न तसाच आहे; वहीतली काही पाने जीर्ण होऊन गळालेली होती. २०२२ साली गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यात गावोगाव निघाल्या, तशा आमच्याकडेही आल्या. अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार सांगितला जातो. तो निकाल सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा असे सांगतो, हे खरे. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्ट्याने दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटिशीत निकालाचे नाव होते, अपवादाचा उल्लेख नव्हता. आम्ही उत्तरात १९९१ चा निर्णय, निकालातला अपवाद आणि १-ई ची प्रमाणित प्रत जोडली. त्या चार घरांच्या बांधावर अजून यंत्र आलेले नाही. उद्या येईल की नाही, सांगता येत नाही. पण आले तर त्याच्यापुढे आम्ही हात जोडून उभे राहणार नाही, कागद घेऊन उभे राहू.

जमिनीचे जे, तेच पैशाचे. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आहे. तिलाच पुढे अनुसूचित जाती उपयोजना म्हटले गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढावा, तो दुसरीकडे वळवू नये, हे तिचे तत्त्व. हे तत्त्व कसे पाळले जाते? दिल्लीत २०१० साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. माहितीच्या अधिकारातून मिळविलेल्या कागदांवरून उघड झाले की, या घटक योजनेतले सुमारे ७४४ कोटी रुपये स्पर्धांशी संबंधित खर्चाकडे वळविले गेले होते. संसदेत हा प्रश्न गाजला आणि सरकारला चूक मान्य करावी लागली. आपल्या मुलांच्या वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा पैसा क्रीडांगणाच्या झगमगाटात गेला, हे कोणी आपणहून सांगितले नसते. म्हणून प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याने आपल्या जिल्ह्याचा या योजनेचा मंजूर निधी, खर्च आणि प्रत्यक्ष कामांची यादी दरवर्षी मागितली पाहिजे. दलित वस्तीच्या नावाने झालेला रस्ता नेमका कोणाच्या दारापर्यंत गेला आहे, हे पाहायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कामांची यादी हातात घेऊन वस्तीतून एक फेरी मारली की पुरे.

अत्याचाराच्या प्रकरणांतही हेच शस्त्र आहे आणि ते फार कमी वापरले जाते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून निदान एकदा बसले पाहिजे. ती बसली का? तिच्या इतिवृत्तात काय लिहिले आहे? २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडितांना प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळण्याचा आणि तपास कोठवर आला हे समजण्याचा हक्क दिला आहे. ज्याच्या घरावर हल्ला झाला, त्यालाच तपासाची वार्ता शेवटी कळावी, ही रीत आता कायद्याने मोडली आहे. व्यवहारात ती मोडणे आपल्या हाती आहे.

आता दुसरी बाजू. कायद्याचे कलम ४ सांगते की, शासनाने सतरा प्रकारची माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करावी आणि निर्णय ज्याच्यावर होतो त्याला त्याची कारणे द्यावीत. हे कलम नीट पाळले गेले, तर निम्म्या अर्जांची गरज उरणार नाही. ते पाळले जात नाही. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे; ती क्वचित वापरली जाते. माहिती आयोगाकडे दुसरी अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात. महाराष्ट्राने २०१२ साली नियम केला की, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा. ज्याला शासकीय भाषा सराईत नाही, त्याच्यासाठी हा नियम म्हणजे दारातला उंच उंबरठा आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदलले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. व्यापक जनहित असल्यास व्यक्तीविषयीची माहिती देता येईल, असे पूर्वी त्या कलमातच लिहिलेले होते. आता व्यक्तीशी संबंधित माहिती, एवढे म्हटले की नकार देता येतो. कलम ८(२) मधील जनहिताची खिडकी उरली आहे, पण ती उघडायची की नाही हे अधिकाऱ्यानेच ठरवायचे.

यावर कोणी म्हणेल, माणसाची खासगी बाब झाकलेली नको का? जरूर हवी. माझ्या विद्यार्थ्याचा जातीचा दाखला वाटेल त्याने उघडून पाहावा, असे मला मुळीच वाटत नाही. नाव-आडनाव विचारून जात काढणाऱ्या देशात तर नाहीच नाही. पण दुबळ्याचे खासगीपण आणि सत्ताधाऱ्याचे लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाभार्थ्यांच्या यादीत पाटलाच्या पोराचे नाव का आले, हा त्याचा खासगी प्रश्न नाही. हजेरीपत्रकावरची नावे 'वैयक्तिक' म्हणून झाकली गेली, तर कोट किराण्याची जनसुनवाई आज कशी भरणार?

आणखी एक धोका आहे. माहिती मागणारा माणूस गावात उघडा पडतो. या देशात माहिती मागितली म्हणून माणसे मारली गेली आहेत. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा खून झाला, तो महाराष्ट्र विसरलेला नाही. शहरातल्या माणसाची ही गत, तर पाण्यासाठी, मजुरीसाठी आणि वाटेसाठी गावावरच अवलंबून असलेल्या आपल्या माणसाचे काय? म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आपला अर्ज एकट्याचा असू नये. एकाच विषयावर पाच-दहा जणांनी अर्ज करावेत. पाहणीला जाताना चारजणांनी जावे, त्यांत बाया असाव्यात. मिळालेला कागद घरात न ठेवता वस्तीत मोठ्याने वाचावा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क लागत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असावे. शिक्षकांनी आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी दीडशे शब्दांत अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. लिहिता येणे ही आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी मिळकत आहे. तिचे व्याज वस्तीला मिळाले पाहिजे.

कागद हातात आला म्हणजे हक्क हातात आला, असेही नव्हे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून सर्वांना खुले केले होते. ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते. त्या पाण्यापर्यंत जायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, हजारो पाय चालावे लागले आणि पुढे कोर्टात १९३७ पर्यंत झगडावे लागले. तिथे तळे स्पृश्यांच्या मालकीचे नसून नगरपालिकेचे आहे, हेच सिद्ध झाले. ठरावाशिवाय चाललेले पाय कोर्टात अडले असते. पायांशिवाय ठराव नगरपालिकेच्या दप्तरात पडून राहिला असता.

आमच्या वस्तीत आता दर पावसाळ्याआधी एक प्रघात पडला आहे. आम्ही चौघे-पाचजण चावडीवर जातो आणि गावचे नमुने पाहायला मागतो. तलाठी नवा असला तर विचारतो, "कशाला पाहिजे?" आम्ही कलमाचा आकडा सांगतो आणि बाकावर बसून राहतो. वही येते. कोणीतरी नावे वाचतो, बाकीचे ऐकतात. गळालेल्या पानांतली ती दोन नावे आम्ही दर वेळी विचारतो आणि 'आढळून येत नाही' हे उत्तर दर वेळी लेखी घेतो. त्या उत्तरांचीही आता एक जाड फाईल झाली आहे. तीही एक नोंदच आहे आणि ती आम्ही ठेवलेली आहे.